जिम कॉर्बेटची काडतुसं: पाच बंदुका, एक उसनी बंदूक आणि शेवटी कॅमेरा

जिम कॉर्बेट हे नाव आपल्याला दोन कारणांनी माहीत असतं. एक म्हणजे उत्तराखंडातलं कॉर्बेट नॅशनल पार्क. दुसरं म्हणजे कुमाऊंच्या नरभक्षक वाघांवरची त्यांची पुस्तकं, ज्यांचे मराठी अनुवाद बऱ्याच घरांत आणि वाचनालयांत सापडतात. ही पुस्तकं आपण वाघासाठी वाचतो, जंगलासाठी वाचतो. पण मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे असेल, मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या दिवशी हातात कोणती रायफल होती, खिशात किती काडतुसं होती, गोळी नेमकी कुठे लागली आणि काय बिघडलं, हे कॉर्बेट एखाद्या लॉग फाईलसारखं नोंदवून ठेवतात.

आजच्या लेखात त्यांचं आयुष्य त्या लॉगमधून बघू. प्रश्न साधा आहे: जनावरासाठी गोळी आणि काडतूस निवडायचं म्हणजे नक्की काय निवडायचं? हा फक्त बंदूकवाल्यांचा छंद वाटेल, पण तसं नाही. कॉर्बेटच्या काळात चुकीच्या गोळीची किंमत शेकडो गावकऱ्यांनी जीव देऊन मोजली होती.

आधी बेसिक: काडतुसात काय असतं?

बोलताना आपण काडतुसालाच गोळी म्हणतो. खरं तर गोळी हा काडतुसाचा एक भाग आहे. एकूण भाग चार.

पहिला भाग पुंगळी, म्हणजे पितळेची नळकांडी. दुसरा प्रायमर, पुंगळीच्या बुडाशी बसवलेली छोटी टोपी. चाप ओढला की पिन तिच्यावर आपटते आणि ठिणगी पडते. तिसरा दारू. ही पुंगळीत भरलेली असते आणि पेटल्यावर तिचा गॅस होतो. चौथा गोळी, पुंगळीच्या तोंडाशी बसवलेला धातूचा तुकडा. गॅसचा दाब फक्त हिलाच पुढे ढकलतो. त्याच दाबाने पितळ फुगतं, नळीच्या भिंतीला घट्ट चिकटतं आणि गॅसला मागे यायला जागा ठेवत नाही. हे 'सील' लक्षात ठेवा, पुढे एका वाघिणीसमोर त्याचाच प्रश्न येणार आहे.

गोळी आणि दारूचं वजन 'ग्रेन' या एककात मोजतात. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. रायफलच्या नावातला .२७५ किंवा .४५० हा आकडा साधारणपणे नळीच्या किंवा गोळीच्या व्यासाचा असतो, इंचात. साधारणपणे अशासाठी म्हटलं, की नावं ठेवताना कंपन्यांनी बरीच मनमानी केली आहे.

बंदूक क्रमांक १: तडा गेलेली ठासणीची बंदूक

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथे पोस्टमास्तर होते. भावंडांची मोठी फौज. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा खाली तराईजवळच्या कालाढुंगीला जायचा. १८८१ मध्ये वडील गेले. आई आणि मोठ्या भावंडांनी घर सांभाळलं, आणि धाकटा जिम रानात वाढला.

त्याची पहिली बंदूक एका नातेवाइकाने दिलेली दोनळी ठासणीची बंदूक. तिची उजवी नळी फुटलेली होती, कारण कधीतरी कोणीतरी तिच्यात जास्त दारू ठासली होती. दस्ता पितळेच्या तारेने बांधलेला. चालायची ती फक्त डावी नळी.

ठासणीच्या बंदुकीत तयार काडतूस नसतं. तोंडातून आधी दारू ओतायची, वर बोळा दाबायचा, मग छर्रे, परत बोळा. म्हणजे प्रत्येक बार माणूस स्वतःच्या हाताने 'बनवतो'. आज परदेशात ज्याला हँडलोडिंग म्हणतात, त्याचा हा आजोबाच. दारू किती घ्यायची हे सांगणारं कुठलंही लेबल नाही. कमी घेतली तर छर्रे पक्ष्यापर्यंत पोचत नाहीत. जास्त घेतली तर काय होतं, ते दाखवायला उजवी नळी रोज डोळ्यांसमोर होतीच.

शिवाय दारू आणि छर्रे विकत आणायचे, आणि घरी पैसे बेताचेच. एक बार वाया गेला तर पुन्हा सगळं मोजून भरण्यात कितीतरी वेळ जाणार. त्यामुळे जवळ जायचं, थांबायचं आणि खात्री झाल्याशिवाय चाप ओढायचा नाही ही सवय पोराला लागली. कॉर्बेटचं सगळं पुढचं आयुष्य या सवयीवर उभं आहे.

बंदूक क्रमांक २: मार्टिनी आणि रिकाम्या पुंगळ्या

शाळेत असताना जिम कॅडेट कंपनीत होता. तिथल्या सार्जंट मेजरने या दहा वर्षांच्या पोराला .४५० मार्टिनी रायफल वापरायला दिली आणि हवी तेवढी काडतुसंही. अटी दोनच. रायफल स्वच्छ ठेवायची, आणि रिकाम्या पुंगळ्या परत आणून द्यायच्या.

दुसरी अट गंमतशीर आहे. काडतुसाच्या चार भागांपैकी प्रायमर, दारू आणि गोळी हे तिन्ही एका बारात संपतात. पितळेची पुंगळी मात्र शिल्लक राहते, आणि तीच बनवायला सगळ्यात किचकट आणि महाग असते.

हँडलोडिंगचा पाया हाच. वापरलेली पुंगळी घ्यायची, जुना प्रायमर काढायचा, फुगलेलं पितळ साच्यात दाबून मूळ मापाचं करायचं, लांबी वाढली असेल तर कापायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून भरायची आणि वर गोळी ठराविक खोलीवर बसवायची. ज्या देशांत याला परवानगी आहे, तिथले शिकारी हे केवळ पैसे वाचवायला करत नाहीत. फॅक्टरीचं काडतूस त्या मापाच्या सगळ्या रायफलींत चालेल असं बनवलेलं असतं. हाताने भरलेलं काडतूस आपल्या एका रायफलीला आणि आपल्या एका जनावराला जुळवता येतं. फोनवर कंपनीचं डीफॉल्ट सेटिंग आणि तुम्ही स्वतः केलेलं ट्युनिंग, यांत जो फरक तोच इथे.

पण इथे ट्युनिंग चुकलं तर फोन हँग होऊन भागत नाही. दारूचे प्रकार वेगवेगळ्या वेगाने जळतात. भराभर जळणारी दारू हळू जळणाऱ्या दारूच्या मापाने भरली, तर दाब इतका चढतो की रायफलच फुटू शकते. म्हणून नियम असा, की कंपनीच्या तक्त्यातल्या कमी मापापासून सुरुवात करायची आणि थोडं थोडं वर जायचं. आणि स्पष्टच सांगतो, भारतात परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बाळगणं किंवा बनवणं हा गुन्हा आहे. हा लेख समजून घेण्यासाठी आहे, करून बघण्यासाठी नाही.

याच मार्टिनीने लहानग्या जिमने आपला पहिला बिबट्या मारला.

बंदूक क्रमांक ३: .५०० आणि खिशातली तीन काडतुसं

अठराव्या वर्षाच्या आसपास शिक्षण थांबलं आणि जिम रेल्वेत लागला. आधी इंजिनांसाठी लाकूडफाटा पुरवण्याचं काम, नंतर बिहारमध्ये गंगेकाठी मोकामा घाटावर माल चढवण्या-उतरवण्याचा ठेका. तिथे त्यांनी वीसेक वर्षं काढली. म्हणजे कॉर्बेट हे काही व्यवसायाने शिकारी नव्हते. रजा काढून नरभक्षकामागे जाणारे रेल्वेवाले होते ते.

१९०७ मध्ये त्यांना चंपावतच्या वाघिणीसाठी बोलावणं आलं. आधी नेपाळ आणि मग कुमाऊं मिळून तिच्या नावावर ४३६ माणसं नोंदलेली होती. स्थानिक तहसीलदाराने गावोगावची माणसं गोळा केली. जवळपास तीनशे जण ढोल, डबे, जुन्या बंदुका घेऊन डोंगराच्या कड्यावर उभे राहिले आणि त्यांनी हाका केला.

कॉर्बेटच्या हातात कॉर्डाइट दारूवर चालणारी .५०० रायफल होती आणि जवळ काडतुसं फक्त तीन. हिशोब असा, की एक किंवा फार तर दोन बार मिळतील, तिसरं अडीअडचणीला. वाघीण निघाली. पहिला बार चुकला, पुढचे दोन लागले. पण वाघीण पडली नाही. ती तीसेक यार्डांवर कान पाडून उभी, आणि रायफल रिकामी.

कॉर्बेट धावत तहसीलदाराकडे गेले, त्याची बंदूक घेतली आणि परत आले. वाघीण एका कातळावर येऊन त्यांच्याकडे तोंड करून उभी. अंतर वीस फूट. बंदूक उचलली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की नळ्या आणि मागची ठोकळी यांच्यामध्ये जवळजवळ एक सेंटिमीटरची फट आहे.

वर सांगितलेलं सील आठवतंय? ते इथे नव्हतंच. दारू पेटल्यावर गॅसला दोन वाटा होत्या, पुढे गोळीमागून आणि मागे फटीतून थेट बंदूक धरणाऱ्याच्या डोळ्यांवर. तरी त्यांनी वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरून चाप ओढला. मागे गॅस निसटला म्हणजे पुढे दाब पडला. ती जड दंडगोल गोळी वीस फूटसुद्धा धड गेली नाही. ती खाली पडत जाऊन वाघिणीच्या पुढच्या उजव्या पंजात रुतली, आणि नंतर कॉर्बेटनी ती नखांनी उपसून काढली. वाघीण मेली ती आधीच्या दोन गोळ्यांनी.

हा किस्सा मला कुठल्याही बॅलिस्टिक्सच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवून जातो. गोळी जड होती, जवळून मारली होती, नेमही बरोबर होता. कागदावर सगळं उत्तम. पण काडतूस, बंदूक आणि त्यांच्यामधलं सील ही एक सिस्टीम आहे, आणि सिस्टीम तिच्या सगळ्यात कच्च्या भागाएवढीच चालते.

बंदूक क्रमांक ४: .२७५ रिग्बी

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेटना एक रायफल भेट दिली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, .२७५ मापाची. तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी होती.

हे .२७५ म्हणजे जर्मन माउझरचं ७ गुणिले ५७ मिलिमीटर काडतूस, इंग्रजी वेशात. मूळ डिझाइन १८९२ च्या सुमाराचं आणि लष्करी. नळीच्या आतल्या खाचांमधल्या उंचवट्यांचं अंतर .२७५ इंच, म्हणून नाव ते. प्रत्यक्ष गोळी थोडी जाड, .२८४ इंच. तेव्हा या काडतुसात दोन प्रकारची गोळी मिळायची, आणि निवडीचा खरा पेच इथे आहे.

एक, जुनी लांब, बोथट नाकाची १७३ ग्रेनची गोळी, म्हणजे सुमारे ११.२ ग्रॅम. वेग सेकंदाला ७०० मीटरच्या आसपास. दुसरी, टोकदार १४० ग्रेनची, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम, वेग सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास. दहावीचं सूत्र लावा: ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग. पहिलीची येते साधारण २७५० ज्यूल, दुसरीची ३२०० ज्यूल. हलकी गोळी जिंकली?

लांबच्या अंतरावर, उघड्या डोंगरउतारावर, हो. टोकदार गोळी हवा सहज कापते, सरळ जाते, नेमाला सोपी. पण ऊर्जा किती आहे यापेक्षा ती जनावराच्या शरीरात कुठे खर्च होते, हे जास्त महत्त्वाचं. लांब, जड गोळी आपल्या व्यासाच्या मानाने जास्त वजन घेऊन जाते, त्यामुळे ती खोल घुसते. हलकी आणि वेगवान गोळी अगदी जवळून हाडावर आदळली तर वरच्यावर फुटून जाऊ शकते.

त्याच काळात आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल हा स्कॉटिश शिकारी याच .२७५ ने शेकडो हत्ती मारत होता. एवढ्याशा गोळीने हत्ती कसा मरेल? तो वापरायचा जड आणि पूर्ण धातूच्या वेष्टणातली गोळी, जी आकार न बदलता कवटीतून आरपार मेंदूपर्यंत जाते. आणि हत्तीच्या डोक्याची रचना त्याला पाठ होती. तीच गोळी वाघावर मारली तर ती बारीकसं भोक पाडून पलीकडे निघून जाईल आणि जखमी वाघ मैलभर पळेल. वाघ-बिबट्यासारख्या पातळ कातडीच्या जनावराला मऊ नाकाची गोळी लागते. तिच्या टोकाला शिसं उघडं असतं. शरीरात शिरताच ती अळंबीसारखी पसरते आणि आपली ऊर्जा आतच सोडते.

थोडक्यात, 'सगळ्यात पॉवरफुल गोळी कोणती?' हा प्रश्नच अर्धवट आहे. जनावर कोणतं, अंतर किती, समोर कुठला अवयव आणि रायफल कोणाच्या हातात, हे चारही सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. नुसते मेगापिक्सेल बघून कॅमेरा घेण्यासारखं आहे ते.

हलक्या रायफलीने वाचवलेला जीव

.२७५ चा सगळ्यात मोठा गुण तक्त्यात दिसत नाही. ती साधारण साडेतीन किलोची आहे. दिवसभर डोंगर चढताना खांद्यावर जाणवत नाही.

११ एप्रिल १९३०. चौगढची वाघीण, ६४ बळींची. कॉर्बेट एका घळीत उतरले होते. डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती, पक्ष्यांची अंडी जमवायचा त्यांना छंद होता. एका मोठ्या शिळेला वळसा घालून मागे पाहिलं तर आठ फुटांवर वाघीण, झेप घ्यायच्या बेतात. रायफल उजव्या हातात, पण तोंड दुसरीकडे. झटकन वळवली असती तर वाघीण आलीच असती. म्हणून त्यांनी एकाच हाताने, इंचाइंचाने रायफल जवळपास पाऊण वर्तुळ फिरवली आणि चाप ओढला. वाघीण जागीच गेली. अंडी फुटली नाहीत, ती त्यांनी घरट्यात परत ठेवली.

आठ फुटांवर दोन्ही गोळ्यांचा परिणाम सारखाच झाला असता. प्रश्न होता हाताला पेलणाऱ्या वजनाचा. पाच किलोची दोनळी रायफल एका हाताने अशी फिरवता आली असती का, हे ज्याने कधी पाच किलोचं तांदळाचं पोतं एका हाताने आडवं धरून बघितलंय, त्याने ठरवावं.

त्याआधी चार वर्षं, २ मे १९२६ ला, याच रायफलीने रुद्रप्रयागचा बिबट्या मेला. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रेच्या वाटेवर आठ वर्षांत १२५ माणसं त्याच्या नावावर लागली होती. गुलाबरायजवळ आंब्याच्या झाडावर कॉर्बेट रात्रीमागून रात्री बसले. खाली बांधलेल्या बकरीच्या घंटेचा आवाज झाला, त्यांनी टॉर्चचं बटण दाबलं. उजेडात बिबट्याचा खांदा आणि रायफलची माशी एका रेषेत. चाप ओढला आणि त्याच क्षणी टॉर्च विझला. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला टॉर्च होता. बॅटरी किती चालते याचा अंदाजच नव्हता. उरलेली रात्र अंधारात, बिबट्या मेला की जखमी हे न कळता गेली. सकाळी तो मेलेला सापडला. बॅटरी टक्केवारी बघायची सवय असलेल्या आपल्या पिढीने या रात्रीची कल्पना करून बघावी.

बंदूक क्रमांक ५: .४५०/४००, म्हणजे जड मामला

जिथे झाडी दाट, वाघ अंगावर येण्याची शक्यता जास्त, तिथे कॉर्बेट दुसरी रायफल नेत. डब्ल्यू. जे. जेफरी कंपनीची दोनळी, .४५०/४००. नावाचा अर्थ: .४५० मापाची पुंगळी तोंडाशी आवळून .४०० ची केलेली. गोळी ४०० ग्रेनची, सुमारे २६ ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण ६५० मीटर. ऊर्जा साडेपाच हजार ज्यूलच्या घरात, .२७५ च्या जवळपास पावणेदोन पट. दोन नळ्या म्हणजे दुसरा बार लगेच, बोल्ट ओढायची गरज नाही.

हे माप भारतात इतकं का चाललं, त्यामागे दोन कारणं होती. पहिलं कायद्याचं. सरकारी मार्टिनी रायफली .४५० च्या, आणि त्यांचा दारूगोळा बंडखोरांना मिळू नये म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी .४५० मापाच्या खासगी रायफली भारतात आणायला बंदी घातली. .४५०/४०० ची गोळी बारीक असल्याने ती या बंदीतून सुटली.

दुसरं कारण उन्हाचं. कॉर्डाइट ही नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि व्हॅसलीन यांची दारू. तापमान वाढलं की ती जास्त जोरात जळते आणि दाब वाढतो. इंग्लंडच्या थंडीत व्यवस्थित चालणारं काडतूस एप्रिलच्या तराईत इतकं फुगायचं की पुंगळी नळीतून निघायचीच नाही, आणि समोर जखमी वाघ. .४५०/४०० च्या आधीच्या सव्वातीन इंची पुंगळीला हा त्रास होता. म्हणून जेफरीने जाड काठाची, आखूड मानेची तीन इंची पुंगळी काढली. शिवाय उष्ण देशांसाठी दारू थोडी कमी भरलेली काडतुसं वेगळी विकली जायची. उन्हात फोन तापला की प्रोसेसर आपोआप हळू होतो ना, काडतूस तसं स्वतः काही करत नाही. ते काम आधीच, भरताना करावं लागतं.

जड काडतुसाची किंमत शिकाऱ्याच्या खांद्याला मोजावी लागते. ३० नोव्हेंबर १९३८, ठाकची वाघीण. संध्याकाळ होत आलेली. कॉर्बेट एका कातळाला कसेबसे टेकून बसलेले, मागे खाली चार माणसं आणि एक बकरी. वाघीण समोर आली. पहिल्या बाराच्या धक्क्याने त्यांची कातळावरची पकड सुटली. दुसरा बार ते हवेत असताना उडाला, त्या धक्क्याने रायफल जबड्यावर आपटली, आणि ते कोलांटी घेत त्या माणसांवर आणि बकरीवर जाऊन पडले. दोन्ही गोळ्या वाघिणीला लागल्या होत्या. त्यांनी मारलेली ही शेवटची नरभक्षक वाघीण. वय ६३.

मुळात हे वाघ नरभक्षक झाले कसे?

लेखाच्या सुरुवातीला म्हटलेली गोष्ट आता येते. कॉर्बेट मेलेल्या प्रत्येक नरभक्षकाची तपासणी करायचे. ती जणू आपल्याकडची 'बग का आला' याची चौकशी.

चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा, खालचा थेट हाडापर्यंत. जुन्या गोळीची जखम. तिला हरीण, रानडुक्कर नीट मारता येईना, म्हणून ती माणसाकडे वळली, असं कॉर्बेटचं निदान. ठाकच्या वाघिणीच्या अंगावर दोन जुन्या जखमा होत्या, खांद्यातली छर्‍यांची जखम चिघळलेली.

सगळे असे नव्हते. मुक्तेश्वरच्या वाघिणीला साळिंदराचे काटे रुतले होते. रुद्रप्रयागचा बिबट्या, कॉर्बेटच्या मते, १९१८ च्या साथीत दरीत टाकलेली प्रेतं खाऊन माणसाला चटावला. पण बऱ्याच ठिकाणी सुरुवात कोणाच्या तरी निष्काळजी बारापासून होते. वाघाच्या कातडीवर हरणासाठीचे छर्रे, पल्ल्याबाहेरून झाडलेली गोळी, किंवा जखमी जनावराचा माग न काढता घरी निघून गेलेला शिकारी.

त्या अनाम माणसाने घरी जाऊन बहुतेक 'थोडक्यात चुकला' एवढंच सांगितलं असेल. चंपावतमध्ये त्याचा आकडा ४३६ झाला. आकड्यामागे पाण्याला गेलेल्या बायका, गवत कापणाऱ्या मुली, अंधार पडला की दार न उघडणारी गावं. म्हणून मला कॉर्बेटच्या नोंदींत काडतुसांचा हिशोब फुशारकीचा वाटत नाही. योग्य गोळी, योग्य अंतर, आणि खात्री नसेल तर बार न काढणं, हे त्यांच्यासाठी समोरच्या जनावराइतकंच पुढच्या गावाचं देणं होतं.

सहावं यंत्र: कॅमेरा

पहिल्या महायुद्धात कॉर्बेट कुमाऊंची ५०० माणसं घेऊन फ्रान्सला गेले. दुसऱ्यात सैनिकांना जंगलात लढायचं शिकवलं. मधल्या काळात, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, त्यांच्या हातात सिने कॅमेरा आला. वनअधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी काढलेले वाघांचे फोटो बघून ते त्याकडे वळले होते. नरभक्षक नसलेल्या वाघावर बंदूक उचलणं त्यांनी हळूहळू सोडलं. १९३६ मध्ये हेली नॅशनल पार्क झालं, भारतातलं पहिलं. त्यामागे त्यांचा आग्रह होता.

कॅमेऱ्यासाठी वाघाच्या जितकं जवळ जावं लागतं, तितकं बंदुकीसाठी लागत नाही. म्हणजे ठासणीच्या बंदुकीने लावलेली सवय इथेही कामी आली, फक्त शेवटी चापाऐवजी बटण.

१९४४ मध्ये पहिलं मोठं पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. १९४७ मध्ये नैनितालचं घर विकून ते बहीण मॅगीसोबत केनियातल्या न्येरीला गेले. तिथेच १९ एप्रिल १९५५ रोजी त्यांचं निधन झालं. १९५७ मध्ये पार्कला त्यांचं नाव मिळालं. .२७५ रिग्बी त्यांच्यामागे प्रकाशकांकडे गेली, २०१५ मध्ये ती बनवणाऱ्या कंपनीकडे परत पोचली आणि २०१६ मध्ये कुमाऊंत आणून लोकांना दाखवली गेली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार बंद आहे. माणसांवर हल्ले करणाऱ्या वाघाबाबतही निर्णय वनखात्याचा असतो आणि शक्य तिथे बेशुद्धीचं इंजेक्शन डार्टमधून मारतात. पण विदर्भात एखादं वनपथक डार्ट-गन घेऊन उभं राहतं, तेव्हा त्यांच्यासमोरचे प्रश्न तेच असतात. अंतर किती, जनावराचं वजन किती, औषध किती, दाब किती. दाब कमी पडला तर डार्ट पोचत नाही, जास्त झाला तर जनावर जखमी होतं. पुढच्या वेळी अशी बातमी फोनवर आली की 'डार्ट मारायला एवढा वेळ का लावतात' असं म्हणण्याआधी तहसीलदाराच्या त्या फटवाल्या बंदुकीची आठवण ठेवा.